कुठेतरी पाणी मुरतंय: द्रव्य अक्षय्यतेचा नियम घरच्या काट्यावर

फुग्याच्या प्रयोगाने माझी चारचौघांत फजिती केली, तिथून हे सगळं सुरू झालं. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या हॉलमध्ये नववीची सहा मुलं शिकवणीला बसली होती. बाटलीत व्हिनेगर, बाटलीच्या तोंडाला फुगा, फुग्यात 5 ग्रॅम खायचा सोडा. फुगा सरळ केला, सोडा खाली पडला, फसफसलं, फुगा टम्म झाला. दोऱ्याची गाठ पक्की, गळती कुठेच नाही. पुस्तकाप्रमाणे वजन आधीइतकंच भरायला हवं होतं. काट्यावर दीड ग्रॅम कमी! "मॅडम, नियम मोडला!" म्हणत पोरांनी टाळ्या पिटल्या. मी "गाठीतून गळत असेल" असं म्हणून वेळ मारून नेली.

गाठीतून काही गळत नव्हतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. दीड ग्रॅमचा हिशोब पुढे येईलच. पण त्या दिवसापासून मी मुलांना नियम आधी सांगायचं सोडून दिलं. भौतिक बदल असो की रासायनिक, आधीचं आणि नंतरचं एकूण द्रव्य सारखंच असतं, हे वाक्य नववीचा कुठलाही मुलगा झोपेतही म्हणेल. पण वजन जुळलं नाही की त्याला काहीच सुचत नाही. प्रयोगातली खरी मजा तिथेच आहे. वजन कमी भरलं तर काय निसटलं? जास्त भरलं तर काय येऊन चिकटलं? आपल्याकडे म्हणतात ना, कुठेतरी पाणी मुरतंय. ते कुठे मुरतंय हे शोधायचं.

काटा आधी ओळखा

स्वयंपाकघरातला 5 किलोचा काटा एक-एक ग्रॅमच दाखवतो, त्याचा इथे उपयोग नाही. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. त्याची मर्यादा बहुतेक वेळा 200 ग्रॅम असते, म्हणून खालची सगळी मापं त्याच्या आत बसवली आहेत.

सराफ बाजारात सोनं तोलायचा काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. ती पेटी शोभेची नाही. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचे दोन आकडे नाचतात, म्हणून. घरी पंखा बंद करा, खिडकी लोटून घ्या आणि काटा टणक, सपाट जागेवर ठेवा. ओट्याचा कडाप्पा उत्तम, गादी किंवा टीपॉयवरचं कापड नको. मग एक नाणं घ्या, त्यावर पेनाने खूण करा आणि तेच नाणं दहा वेळा तोला. आकडा 0.02 ग्रॅमने इकडेतिकडे झाला, तर तेवढी तुमच्या काट्याची सवय समजा. प्रयोगात 0.02 चा फरक दिसला तर त्यावर डोकं खपवू नका. 0.2 चा दिसला तर मात्र सोडू नका.

आणखी एक गोष्ट. गरम वस्तू कधीही तोलू नका. गरम भांड्याभोवतीची हवा तापून वर चढते, भांड्याला किंचित उचलते आणि वजन कमी दिसतं. हात लावल्यावर कोमट लागत नाही, इतकं निवू द्या.

बर्फ आणि मीठ: सोपं दिसणारं

भौतिक बदलाची सुरुवात बर्फाने करा. झिपच्या पिशवीत तीन-चार खडे टाका, हवा दाबून काढा, पिशवी बंद करून लगेच तोला. बर्फाचं पाणी झाल्यावर पुन्हा तोला. पावसाळ्यात केलंत तर वजन वाढलेलं दिसेल! गार पिशवीवर बाहेरच्या हवेतलं पाणी दव होऊन बसतं. फडक्याने पिशवी नीट पुसा आणि परत तोला, वाढ गायब. मी हा प्रयोग मुद्दाम जुलैत करते आणि पुसायचं आधी सांगत नाही. मार्चच्या कोरड्या दुपारी यात काही दम नसतो.

मीठ थोडा जास्त वेळ मागतं. 100 ग्रॅम पाणी, 20 ग्रॅम मीठ. विरघळवल्यावर वजन 120 ग्रॅम, ठरल्याप्रमाणे. पण हेच मोजपात्रात बघा. 20 ग्रॅम मिठाच्या कणांचं स्वतःचं आकारमान 9 मिलीच्या वर आहे, म्हणून द्रावण 109 मिली व्हायला हवं असं वाटतं. होतं साधारण 107. मिठातला सोडियम आणि क्लोराइड पाण्याच्या रेणूंना आपल्याजवळ घट्ट ओढून घेतात, त्यामुळे जागा वाचते. अक्षय्य आहे ते द्रव्य, त्याने व्यापलेली जागा नव्हे. परीक्षेत या दोन्हींची गल्लत हमखास होते.

मीठ परत मिळवायचं असेल तर गॅसवर आटवू नका. शेवटी ते तडतडून उडतं आणि एखाद-दुसरा ग्रॅम ओट्यावर सांडतो. पसरट ताटलीत घालून वर मलमलीचं कापड बांधा आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवा. सुकलं असं वाटलं की तोला, आणखी दोन तास उन्हात ठेवून परत तोला. दोन्ही आकडे जुळेपर्यंत ते सुकलेलं नाही. आणि 20 च्या जागी 19.7 भरलं तर आधीच्या मिठात किती ओल होती, ते बघा. डब्यातलं मीठ कधीच पूर्ण कोरडं नसतं.

बंद बाटली: हा प्रयोग चुकवू नका

आता रासायनिक बदल. लागणाऱ्या वस्तू: थंड पेयाची 600 ते 750 मिलीची रिकामी प्लास्टिकची बाटली, झाकणासकट. फसफसणाऱ्या पेयाचीच हवी, कारण ती दाब सोसायलाच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर अजिबात नको. शिवाय होमिओपॅथीच्या गोळ्यांची छोटी प्लास्टिकची कुपी, जी बाटलीच्या तोंडातून आत जाईल. पांढरं व्हिनेगर 50 मिली, खायचा सोडा 2 ग्रॅम. यापेक्षा जास्त सोडा घालू नका, का ते खाली सांगते.

कुपीत सोडा भरा, तिचं बूच लावू नका. बाटलीत व्हिनेगर ओता. बाटली थोडी तिरकी करून कुपी हळूच आत सरकवा, म्हणजे ती भिंतीला टेकून उभी राहील आणि तोंड व्हिनेगरच्या वर राहील. बाटलीचं झाकण घट्ट लावा. बाहेरून पुसा. तोला आणि आकडा वहीत लिहा. लक्षात ठेवायचा म्हणून चालत नाही.

बाटली आडवी करा. फेस येईल, बाटली दगडासारखी टणक होईल, हाताला किंचित गार लागेल. फसफस पूर्ण थांबेपर्यंत पाचेक मिनिटं थांबा आणि परत तोला. काटा नीट असेल तर आकडा तोच येईल, फार तर 0.01–0.02 इकडेतिकडे.

नियम दिसला म्हणून इथेच थांबू नका. आता झाकण अगदी सावकाश, फुस्स आवाज येईल इतपत सैल करा. घाई केलीत तर फेसाबरोबर व्हिनेगरचे थेंब उडतील आणि हिशोब बिघडेल. आवाज थांबला की झाकणासकट तोला. साधारण पाऊण ग्रॅम कमी भरेल. या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण बाटलीत डोळ्यांना काहीच कमी झालेलं दिसत नाही.

आता कागदावरचा हिशोब. 84 ग्रॅम सोडा आणि 60 ग्रॅम ॲसेटिक आम्ल एकत्र आले की 82 ग्रॅम सोडियम ॲसिटेट, 18 ग्रॅम पाणी आणि 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. इकडे 144, तिकडे 144. म्हणजे 2 ग्रॅम सोड्यातून साधारण 1.05 ग्रॅम वायू यायला हवा. काट्याने पाऊणच का दाखवला? उरलेला पाव ग्रॅम कुठे मुरला?

तो बाटलीतच बसलाय. हा वायू हवेपेक्षा जड असतो, झाकण उघडलं म्हणून सगळा बाहेर पळत नाही. बाटली उभी धरून पाच-सहा वेळा हलकेच दाबा आणि सोडा, म्हणजे आतला वायू बाहेर आणि बाहेरची हवा आत. परत तोला. घट एक ग्रॅमच्या जवळ सरकेल. तरीही 0.05–0.1 ग्रॅम कमी पडेल, तेवढा वायू व्हिनेगरमध्येच विरघळून राहतो, सोडा वॉटरमध्ये राहतो तसा. तासभर उघडी ठेवून मधूनमधून हलवलीत तर तोही निघून जातो. पण एव्हाना थोडं पाणीही उडू लागलेलं असतं. एक चोर पकडताना दुसरा निसटतो.

आणि 2 ग्रॅमच का? कारण त्यातून निघणारा वायू मोकळा सोडला तर अर्ध्या लिटरहून थोडा जास्त होतो, तो 550 मिलीच्या रिकाम्या जागेत कोंबला की आतला दाब जवळपास दुप्पट होतो. थंड पेयाची बाटली एवढं सहज सोसते. 10 ग्रॅम घातला आणि व्हिनेगरही वाढवलं तर मी त्या खोलीत थांबणार नाही.

फुग्याचा दीड ग्रॅम

आता माझ्या फजितीकडे वळू. 5 ग्रॅम सोड्यातून 2.6 ग्रॅम वायू. थोडा व्हिनेगरमध्ये विरघळला तरी फुगा सुमारे 1.4 लिटर फुगतो. फुगा फुगला म्हणजे त्याने तेवढी खोलीतली हवा बाजूला सारली. विहिरीत बुडवलेली घागर हलकी का लागते, ते आपल्याला माहीत असतं, पाणी तिला वर ढकलतं. हवाही तेच करते, फक्त आपण हवेच्या विहिरीच्या तळाशी राहतो म्हणून जाणवत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. आपल्याकडे एक लिटर हवा साधारण 1.1 ग्रॅम भरते. 1.4 गुणिले 1.1. झाला की दीड ग्रॅम!

म्हणजे वस्तुमान तिळभरही कमी झालं नव्हतं. काटा वस्तुमान मोजतच नाही, तो फक्त आपल्यावर किती भार पडला ते सांगतो. बाटलीच्या प्रयोगात आकारमान बदलत नाही, म्हणून तिथे ही भानगड होत नाही. फुग्याचा प्रयोग इतका लोकप्रिय का आहे, हे मला कोडंच आहे. साध्या ग्रॅमच्या काट्यावर बहुधा कोणी तो तोलतच नाही, फुगा फुगला की टाळ्या.

तरीही मुलांना हे दाखवायचं असेल तर दोन्ही प्रयोग लागोपाठ करा. आधी फुगा, मग बाटली. क्रम उलटा केलात तर गंमत जाते.

वजन वाढतं तेव्हा

जळालं की हलकं होतं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की लोखंड जाळून बघितल्याशिवाय ते जात नाही. फर्निचर पॉलिशचं सामान मिळतं त्या दुकानातून अगदी बारीक स्टील वूल आणा. भांडी घासायची चकाकणारी तार नको, ती गंजू नये म्हणूनच केलेली असते. स्टील वूलला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, ते साबणाच्या पाण्यात धुऊन लगेच पूर्ण कोरडं करा, नाहीतर जळताना तेलाचं वजन जाईल आणि लोखंडाची वाढ झाकली जाईल.

3 ग्रॅम तार पिंजून मोकळी करा आणि छोट्या स्टीलच्या ताटलीत ठेवून ताटलीसकट तोला. ताटली काट्यावरून उचलून फरशीवर ठेवा. मोठ्या माणसाने काडी लावायची, डोळ्यांवर चष्मा, जवळ पडदे-कागद नकोत आणि बादलीभर पाणी हाताशी. ज्वाळा येत नाही, लाल ठिणग्यांची नक्षी तारांतून धावत जाते. विझली की फुंकर मारू नका, राख उडेल. पूर्ण निवल्यावर तोला. सगळं लोखंड जळालं असतं तर 3 ग्रॅममागे सव्वा ग्रॅमच्या आसपास वाढ झाली असती. घरी आतलं बरंच लोखंड तसंच राहतं, म्हणून वाढ कमी दिसते, पण दिसते नक्की. ती वाढ म्हणजे खोलीच्या हवेतला ऑक्सिजन.

इतिहासात इथेच एक मोठा माणूस चकला होता. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात बंद भांड्यात कथील तापवलं. कथील म्हणजे कल्हईवाला भांड्याला लावतो तेच. पण तोलण्याआधी त्याने भांडं उघडलं. बाहेरची हवा सुस्सकन आत शिरली, वजन वाढलेलं दिसलं आणि त्याने निष्कर्ष काढला की अग्नीचे कण काच भेदून आत गेले. 1756 मध्ये रशियाच्या लोमोनोसॉवने तोच प्रयोग केला, पण भांडं न उघडता तोललं. वाढ शून्य. तेव्हा "झाकण उघडायच्या आधी तोला" असं मी पोरांच्या मागे लागते, ते उगाच नाही.

जळण्याचा हाच हिशोब आपल्या ओट्याखालीही चालू असतो. 14.2 किलोचा सिलिंडर महिन्या-दीड महिन्यात "संपतो", म्हणजे नेमकं काय होतं? सगळा ब्युटेन आहे असं धरलं, तर तो जळताना हवेतला जवळपास 51 किलो ऑक्सिजन घेतो आणि 43 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 22 किलो पाण्याची वाफ सोडतो. 14 आणि 51 मिळून 65, तिकडेही 65. अर्ध्या पोत्याहून कमी गॅसमधून सव्वा पोत्याहून जास्त माल बाहेर पडतो, सगळा खिडकीतून. हिवाळ्यात बंद स्वयंपाकघराच्या काचेवर जी ओल धरते, तिच्यात त्या 22 किलोंचाही वाटा असतो.

कोणी चुणचुणीत मुलगा आइन्स्टाइनचं नाव काढेलच. काढू द्या. उष्णता बाहेर पडते तेव्हा तेवढं वस्तुमान कमी होतं हे खरं आहे. पण अख्खा सिलिंडर जाळल्यावर ती घट साधारण 7 मायक्रोग्रॅम येते. आपला काटा ज्या 0.01 ग्रॅमवर थांबतो, त्याचाही तो हजारावा हिस्सा भरत नाही.

द्राक्षांकडे येऊ

निफाडकडच्या माणसाने द्राक्षांशिवाय लेख संपवला तर घरचे बोलतील. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात हे दोन प्रयोग करा.

पहिला बेदाण्याचा. 100 ग्रॅम बिनबियांची द्राक्षं ताटलीत पसरून सावलीत, वाऱ्याला ठेवा. रोज त्याच वेळेला तोला. द्राक्षात सुमारे 80 टक्के पाणी असतं, चांगल्या बेदाण्यात 15 च्या आसपास. म्हणजे 20 ग्रॅम घन भाग तसाच राहतो आणि शेवटचं वजन 23–24 ग्रॅम भरायला हवं. चार किलोला एक किलो बेदाणा, असं आमचे वडील बोटांवर सांगायचे, ते हेच. साल मेणचट असल्यामुळे घरी सुकायला फार दिवस लागतात. शेतकरी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतात, ते मेणाचा थर मोडून पाण्याला वाट करून देण्यासाठी. घरी एवढं करायची गरज नाही. पण सोबत काचेच्या बरणीत मूठभर द्राक्षं घट्ट झाकणाने बंद करून ठेवा आणि बरणीही तोलत राहा. एक-दोन दिवसांत आतल्या काचेवर थेंब दिसतील, वजन मात्र जागचं हलणार नाही. द्राक्षातून गेलेलं पाणी कुठे आहे, ते समोरच दिसतं. दोन दिवसांनी उघडा, नाहीतर बुरशी येईल आणि आंबूनही दाब वाढेल.

दुसरा प्रयोग आंबवण्याचा, आणि इथे नाशिकचा थेट संबंध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएशी लागतो. त्याने 1789 मध्ये छापलेल्या ग्रंथात "कुठल्याही क्रियेच्या आधी आणि नंतर द्रव्य सारखंच" हे तत्त्व मांडलं, ते द्राक्षरस आंबवण्याच्या प्रकरणात. साखर, पाणी, यीस्ट एका बाजूला, मद्यार्क आणि वायू दुसऱ्या बाजूला, असा रीतसर जमाखर्च त्याने मांडला. पोटापाण्यासाठी तो सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता, तेव्हा जमाखर्च त्याच्या अंगातच होता. त्याच कंपनीपायी 1794 मध्ये त्याला गिलोटिनवर चढवलं गेलं.

बागायतदार द्राक्षाचा ब्रिक्स बघतो, म्हणजे 100 ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर, साधारण तेच. 20 ब्रिक्सच्या 100 ग्रॅम रसातली 20 ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जवळपास 10 ग्रॅम वायू होऊन उडते आणि उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त, साखरेचं मद्यार्क होतं. गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरींमध्ये टाक्यांच्या खोलीत हवा खेळती ठेवावी लागते, ती यामुळेच. हजार लिटर रसातून पन्नास हजार लिटरहून जास्त वायू निघतो आणि तो जमिनीलगत साचतो.

घरी रस नको, साखर-पाणी घ्या. दोन सारख्या बाटल्या. दोन्हींत 100 ग्रॅम कोमट पाणी आणि 10 ग्रॅम साखर. एकीत 2 ग्रॅम ड्राय यीस्ट, दुसरीत काही नाही. दोन्हींची झाकणं अर्धा आटा सैल. घट्ट लावायचं नाही, कारण इथे सोड्यासारखा एक ग्रॅम नव्हे, पाच ग्रॅमपर्यंत वायू येणार आहे, म्हणजे तीन लिटर, आणि बाटलीत रिकामी जागा अर्धा लिटर. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही तोला. तोलण्याआधी यीस्टची बाटली चार-पाच वेळा हलकेच दाबून साचलेला वायू काढून टाका.

यीस्टच्या बाटलीची घट 5.1 ग्रॅमच्या पुढे जाऊ शकत नाही, एवढाच वायू 10 ग्रॅम साखरेत आहे. आमची बाटली तिसऱ्या दिवशी 4.3 ग्रॅमवर येऊन थांबली. थोडी साखर यीस्टने स्वतःचं अंग वाढवायला वापरली, थोडा वायू पाण्यात विरघळून राहिला. बिनयीस्टची बाटली 0.09 ग्रॅमने उतरली होती, ती सैल झाकणातून उडालेली वाफ. तेवढा आकडा यीस्टच्या बाटलीतून वजा करायचा, कारण तिच्यातूनही तेवढी वाफ गेलीच असणार. उरलं 4.21. हा आकडा वहीत लिहा, तारीख टाका आणि ते पाणी मोरीत ओता, चव बघायची नाही.